घोंगडीपासून देवनारपर्यंत

मुंबईच्या उपनगरांत दोन ठिकाणं अशी आहेत, की ज्यांच्यामधून घाटावरच्या धनगराचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास वाचता येतो. एक विलेपार्ल्यात, इर्ल्याला. तिथे 1957 साली स्थापन झालेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय आहे. दुसरं घाटकोपर ओलांडून मानखुर्दकडे जाताना, देवनारला. तिथे महापालिकेचं पशुवधगृह आहे, 1971 साली सुरू झालेलं. एका ठिकाणी मेंढीच्या लोकरीचा विचार होतो, दुसऱ्या ठिकाणी तिच्या मांसाचा. धनगराचा संसार कोणत्या बाजूला झुकला, हे त्याच्या घोंगडीचा माग काढला की कळतं.

दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळ सोसणारी. तिची लोकर जाडीभरडी, केसाळ. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही निघत नाही. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ कुंचल्यानं द्यायची आणि मग सणगरानं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यानं, ते खड्ड्यातल्या मागावर विणायचं, असा हा उद्योग. काळ्या, करड्या, पांढऱ्या पट्ट्यांना रंग लागत नाही, मेंढीच्या अंगचाच रंग असतो तो. चिंचोक्याच्या खळीनं कापड घट्ट होतं आणि पावसाची सर बराच वेळ अडवून धरतं. अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ आणि बाजारातून धान्य बांधून आणायचं फडकं, सगळं एकाच वस्तूत. कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या देवाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांत शोधलं. देवाच्या खांद्यावर घोंगडी का, हा प्रश्न त्यानंतर फारसा उरत नाही.

भटका मेंढपाळ बाजारापासून दूर होता आणि आता कुठे त्याला बाजार भेटतो आहे, असं सर्रास लिहिलं जातं. ते मला पटत नाही. धनगर कधीच बाजाराबाहेर नव्हता. त्याच्याकडे विकायला तीन गोष्टी होत्या: लोकर, कोकरं आणि खत. यातलं खत सर्वांत महत्त्वाचं. दिवाळीच्या आसपास वाडा, म्हणजे धनगर कुटुंबांचा फिरता तळ, घाटावरून हलायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, मागे मेंढरं, आणि कर्जत-पनवेलकडच्या भातकापणी झालेल्या शेतांत मुक्काम. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून शेतात मेंढरं बसवली, की सकाळी शेतकरी त्या बदल्यात भात मोजून द्यायचा. एका रात्रीचं बसवणं म्हणजे पुढच्या हंगामाचं खत. पावसाच्या तोंडावर वाडा परत घाट चढायचा. हा व्यवहार तोंडी, वर्षानुवर्षांच्या ओळखीवर चालणारा, पण हिशेबात चोख.

मग जमीन बदलली. नीरेचा डावा कालवा 1885 साली झाला, स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले. गायरानं, पडीक माळ, पिकं निघाल्यावर मोकळी राहणारी रानं उसाखाली गेली. वनखात्यानं कुरणांना कुंपणं घातली, कोकणात रासायनिक खतांची पोती पोचली. पनवेलच्या बाजूला 1970 नंतर नवी मुंबई उभी राहू लागली आणि भाताच्या शेतांवर प्लॉट पडले. मेंढरं बसवायला रान कमी आणि चारायला रान त्याहून कमी.

लोकरीचं मरण आणखी साधं होतं. पानिपतहून जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटं आली, सोलापुरी चादर होतीच, मग ॲक्रिलिक आलं. घोंगडी टोचते, जड असते, विणायला दिवस लागतात. गिऱ्हाईक गेलं. आज कित्येक ठिकाणी लोकर विकून येणाऱ्या पैशांपेक्षा कातरणीची मजुरी जास्त होते. उवा-गोचिडांमुळे आणि उन्हामुळे मेंढी कातरावी तर लागतेच, म्हणून कातरतात आणि लोकर तिथेच टाकून देतात. शेकडो वर्षं जे धन होतं ते कचरा झालं, तेही एका पिढीत. यात धनगराचा दोष काय?

त्यानं तोवर दुसरा मार्ग धरला होता. आटपाडी, लोणंदच्या बाजारांत कोकराला भाव मिळत होता. बोल्हाईदेवीला मानणाऱ्या अनेक मराठा घरांत बकऱ्याचं मटण चालत नाही, मेंढीचंच लागतं. म्हणून पुण्यापासून मुंबईपर्यंत दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या दिसतात. व्यापारी वाड्यावर येऊन कोकरं उचलतो आणि ट्रक मुंबईची वाट धरतो. देवनार हे आज घाटावरच्या वाड्याचं खरं गिऱ्हाईक.

मेंढीही त्याप्रमाणे बदलली. जत तालुक्यातली माडग्याळ जातीची उंच, पांढऱ्या-तांबूस ठिपक्यांची मेंढी अंगानं भरते, लोकर मात्र नावापुरती. तिच्या नरांना मोठी मागणी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गॅरोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत उतरवला आणि ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. एकाऐवजी दोन कोकरं म्हणजे त्याच चाऱ्यात जास्त उत्पन्न. या कामाचं मोल मोठं आहे, कारण तिथे धनगराला अडाणी न मानता त्याच्या कळपातच शास्त्र नेलं गेलं.

तिबेटच्या पठारावर याहून वेगळं काय घडलं? तिथला द्रोग्पा, म्हणजे भटका पशुपालक, पूर्वी लोकर आणि मीठ देऊन सातू घ्यायचा. आज त्याच्या रोख कमाईचा मोठा वाटा ‘यार्त्सागुन्बू’ या अळीवर उगवणाऱ्या बुरशीतून येतो, जिला चीनच्या औषधबाजारात सोन्याचा भाव आहे. लडाखच्या चांगथांगमध्ये चांगपा पशुपालकांकडे शेळ्यांची मऊ पश्म आहे, म्हणून त्यांच्या लोकरीला जगात गिऱ्हाईक टिकलं. आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी निर्वासित बायका स्वेटर विकायला येतात, तो माल बहुतेक लुधियानाचा, गिरणीतला. मेंढरं राखणाऱ्या मुलखातली माणसं, आणि विकतात दुसऱ्याच्या यंत्रावरचं सूत. धनगरही याच रांगेत उभा आहे. बाजारानं मेंढपाळाकडून नेमकं हवं तेवढं उचललं, बाकीचं रस्त्यावर सोडलं.

वाड्यात आता वाघर नायलॉनची आहे. पुढचा मुक्काम मोबाइलवर ठरतो, बसवण्याचे पैसे रोख मिळतात, मुलं मागे आजीकडे राहून शाळेत जातात. राज्यात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 27 लाख मेंढ्या भरल्या, म्हणजे धंदा संपलेला नाही. सरकारची महामेष योजना 20 मेंढ्या आणि एक नर यांवर 75 टक्के अनुदान देते. मेंढ्या देणं सोपं आहे. त्या चारायच्या कुठे, या प्रश्नाचं उत्तर अनुदानात नाही. वनजमिनीवर पाऊल पडलं की दंड, शेताच्या बांधावर भांडण, महामार्गावर ट्रकखाली कळपच्या कळप सापडण्याची भीती, हे त्याच्या रोजच्या जगण्यात आहे. हंगामी चराईचा हक्क आणि ठरलेल्या वाटा, या दोन गोष्टी अनुदानाच्या आधी हव्यात.

आणि लोकरीचंही काही करता येईल. जाड लोकरीचे गालिचे, नमदे, घराच्या भिंती-छतांसाठी उष्णतारोधक थर, झाडांच्या मुळाशी घालायचं आच्छादन, हे सगळं जगात होतं. घोंगडी तर अजून विणली जाते. अंधेरी-बोरिवलीच्या खादीच्या किंवा हस्तकलेच्या प्रदर्शनात ती दिसली, तर ती टोचते म्हणून खाली ठेवू नका. कोणत्या मेंढीची लोकर, कुठल्या सणगरानं विणली, एवढं विचारा आणि परवडत असेल तर घ्या.