मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर कशी लावाल? घरी वायफाय नसले तरी जमते

शिरूर, दौंड : वाड्या-वस्त्यांवर घरोघरी वायफाय नसते. तरीही फोनमधले धड्यांचे व्हिडिओ मुलांना टीव्हीवर दाखवता येतात. 2012 साली आलेल्या मिराकास्टमध्ये फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात; राउटर, नेट लागत नाही. मात्र यूट्यूब लावले तर फोनचा डेटा जातोच.

असे जोडा : टीव्हीच्या सोर्समध्ये 'स्क्रीन मिररिंग' सुरू करा. फोनमध्ये 'स्मार्ट व्ह्यू', 'कास्ट' किंवा 'वायरलेस डिस्प्ले' उघडून टीव्हीचे नाव निवडा. काही फोनमध्ये ही सोय नसते. आयफोनसाठी एअरप्ले चालणारा टीव्ही लागतो.

सावधान : ओटीपी, बँकेचे मेसेजही टीव्हीवर सगळ्यांना दिसतात. आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, काम झाले की डिस्कनेक्ट करा.