धूळपाटीपासून बोलक्या यंत्रापर्यंत

गुरूवाचून विद्या नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु एकलव्याची कथाही आपण त्याच वडीलधाऱ्यांच्या मुखातून ऐकली आहे. मातीच्या मूर्तीपुढे बसून त्याने जी धनुर्विद्या संपादिली, ती स्वतःच्या अभ्यासाने. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा शिक्षणाच्या इतिहासातील फार जुना प्रश्न होय. आज शाळेच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येऊ लागली असताना तो नव्याने उभा राहिला आहे. म्हणून हा इतिहास ज्ञातिबंधु-भगिनींपुढे संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरत असे. प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे, मग मोडीचा कित्ता, पावकी-निमकीचे पाढे आणि सायंकाळी परवचा. पंतोजी एक आणि मुले पुष्कळ. म्हणून पुढे गेलेला मुलगा मागच्यास शिकवी. त्या शाळेत छडीचा अतिरेक होता, अर्थ न कळता पाठ करण्याचा भार होता, आणि त्या ओसरीवर सर्वांच्या मुलांस जागा नव्हती, हेही नमूद करणे प्राप्त आहे. तथापि मुलांनी मुलांस शिकविण्याची तिची रीत टाकाऊ नव्हती.

अशाच देशी शाळेने एका परकीयाचे डोळे उघडले. अँड्र्यू बेल हे 1789 पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक होते. मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत आहेत, हे त्यांनी पाहिले व आपल्या शाळेत तीच रीत सुरू केली. हाताखालचे शिक्षक ती मनापासून चालवीनात, तेव्हा त्यांनी मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याचा क्रम घातला. 1797 मध्ये लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत छापला, आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती रीत इंग्लंडातील शाळांत पसरली. आपल्याच ओसरीवरची रीत परदेशी शिक्का घेऊन मिरवली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच सुमारास युरोपात याहून नवलाची गोष्ट घडली. झोझेफ जाकोतो नावाचा फ्रेंच अध्यापक 1818 मध्ये लूव्हाँ येथे शिकवीत होता. त्याच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस फ्रेंच येत नव्हती आणि त्याला त्यांची फ्लेमिश येत नव्हती. त्याने ‘तेलेमाक’ या ग्रंथाची द्विभाषी प्रत त्यांच्या हाती दिली आणि ताडून पाहत फ्रेंच शिकण्यास सांगितले. काही काळाने त्या विद्यार्थ्यांनी फ्रेंचमध्ये जे लिहिले, ते वाचून तो स्वतःच चकित झाला. शिक्षकाने काहीच समजावून सांगितले नव्हते; मात्र काम त्याने नेमून दिले होते आणि ते झाले की नाही, हे तो पाहत होता.

पुढे 1907 मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. मुलाने साधन हाताळावे आणि आपली चूक आपणच ओळखावी, हे त्यांचे तत्त्व होते. भावनगरला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ते आपल्या मातीत रुजविले. ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासमवेत 1945 मध्ये बोर्डीस व 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. महागडी विलायती साधने दूर ठेवून परिसरातील वस्तूंवरच शिक्षण उभारता येते, हे या दोघींनी महाराष्ट्रास दाखवून दिले.

आता यंत्रांकडे वळू. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी 1926 मध्ये एका यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. बरोबर कळ दाबल्याखेरीज त्यावर पुढचा प्रश्न येत नसे. 1953 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीचा गणिताचा वर्ग पाहण्यास गेले. सर्व मुले एकाच चालीने हाकली जात होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांस तेव्हाच्या तेव्हा कळत नव्हते. त्यातून त्यांचे शिक्षणयंत्र निघाले. पुढे 1999 मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसविला. कोणी न शिकविता मुले तो चालवू लागली. परंतु त्याच मित्रांनी पुढे इंग्लंडातील निवृत्त शिक्षिकांस संगणकाच्या पडद्यावरून मुलांशी बोलण्यास बसविले. त्यांनी शिकवावयाचे नव्हते. आजीने करावे तसे कौतुक करावयाचे आणि प्रश्न विचारावयाचे. यंत्र आले तरी आजीची गरज उरली, हा बोध लक्षात ठेवण्याजोगा आहे.

30 नोव्हेंबर 2022 रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले. जाकोतोचे पुस्तक मुके होते. हे यंत्र बोलते, मराठीतही बोलते, आणि विचारण्यापूर्वीच पूर्ण उत्तर देऊ पाहते. तुर्कस्तानातील सुमारे 1000 विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ज्यांस यंत्र मोकळे दिले, त्यांचे सरावातील गुण 48 टक्क्यांनी वाढले. पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेताच, ज्यांस ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा हे विद्यार्थी 17 टक्के मागे पडले. दुसऱ्या गटास उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र दिले होते. त्यांचे सरावातील गुण 127 टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतील ती हानी जवळजवळ टळली. यंत्र तेच, नेम निराळा.

आम्हांस याचा अनुभव घरातच आला. गतवर्षी आपल्या वसतिगृहातील तीन मुलांनी ‘माझे गाव’ या विषयावर निबंध दाखविले. भाषा निर्दोष होती, परंतु तिन्ही निबंधांत एकच नदी वाहत होती, आणि तिघांपैकी एकाच्याही गावास नदी नाही! आम्ही प्रथम रागावलो. मग उमगले की दोष आमचाच होता. संगणक आम्ही दिला होता, रीत दिली नव्हती. आता नियम असा आहे: आधी वहीत स्वतः लिहावे, मग यंत्रास चुका विचाराव्यात, त्याचे म्हणणे पुस्तकाशी ताडून पाहावे आणि शेवटी धाकट्या मुलास समजावून सांगावे. पहिल्या तिघांपैकी एकाने पुन्हा निबंध लिहिला. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या, परंतु कोरडी पडलेली विहीर त्याच्याच गावची होती.

आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी सावकाराच्या कागदावर वाचता न आल्यामुळे अंगठा उमटविला. त्या अंगठ्याच्या जागी सही यावी, म्हणून मागील पिढीने पोटास चिमटा घेऊन वर्गणी काढली आणि हे वसतिगृह उभारले. एकलव्याचा अंगठा गुरूने मागून घेतला; आमची मुले तो न मागता यंत्रास देऊन बसली, तर त्या वर्गणीचे काय झाले, असे पूर्वज विचारतील.

म्हणून आमची विनंती एवढीच, की ज्ञातीतील दात्यांनी संगणक अवश्य द्यावेत; परंतु ज्या भगिनींस व निवृत्त शिक्षकांस सवड आहे, त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ अभ्यासिकेत येऊन बसावे. गणित आलेच पाहिजे असे नाही. ‘हे तुला कसे कळले?’ एवढे मुलास विचारता आले, तरी पुरे आहे.