सूचींतील नोंद व स्वयंप्रकाशक ग्रंथकार

आमच्या पुंडलिकनगरांतील एखाद्या ग्रंथकारानें स्वखर्चानें पुस्तक काढिलें, तर परगांवच्या वाचकास त्याची ओळख बहुधा सूचींतील नोंदीवरूनच व्हावयाची. आणि ती नोंद ठेवणारा हात परका असतो. ही पराधीनता जुनीच आहे. इ. स. १८६७ च्या कायद्यानें मुद्रकांस पुस्तकांच्या प्रती सरकारांत देणें भाग पडलें व त्रैमासिक याद्या निघूं लागल्या; पण तो कायदा ब्रिटिश हद्दीपुरता, आणि आमचें औरंगाबाद निजामाच्या राज्यांत. पुढें शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि अपार कष्टानें सिद्ध केली.

आतां सूचि संगणकाच्या महाजालावर गेल्या आहेत. २०१२ च्या जानेवारींत 'गुडरीड्स'नें ॲमेझॉनकडील माहिती वापरणें सोडिलें. तेव्हां ज्या पुस्तकांच्या नोंदीस दुसरा आधार नव्हता, त्यांची माहिती ग्रंथकारांस व स्वयंसेवकांस हातानें पुन्हां भरावी लागली. त्यांत स्वयंप्रकाशित पुस्तकें पुष्कळ होतीं.

इकडे २०२३ सालीं आमचें शहर छत्रपति संभाजीनगर झालें. जुन्या प्रतीवर एक नांव, नव्या आवृत्तीवर दुसरें; सूचिकारानें दोहोंचा संबंध न जोडल्यास स्थळावरून शोधणारास अर्धेंच सांपडेल. १८६७ च्या कायद्याच्या जागीं २०२४ त नवा कायदा आला, त्यांत पुस्तकें वगळलीं आहेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणें राष्ट्रीय ग्रंथालयास प्रत देण्याचें प्रकाशकाचें कर्तव्य मात्र कायम आहे. स्वतःच प्रकाशक असलेल्या ग्रंथकारानें तें चुकवूं नये. नोंद बिघडली तरी छापील प्रतीवरून ती सुधारतां येते. प्रतच नसेल, तर ग्रंथ होता हें सांगणार कोण?