मुक्त शैक्षणिक साधने आणि अभ्यासक्रम रचना

मुक्त शैक्षणिक साधने म्हणजे मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेले अथवा प्रताधिकाराची मुदत संपलेले अध्ययन-अध्यापनाचे साहित्य होय. पाठ्यपुस्तके, नकाशे, छायाचित्रे, चित्रफिती, प्रश्नसंच तसेच संपूर्ण अभ्यासक्रम यांचा त्यात समावेश होतो. ही संज्ञा २००२ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत पुढे आली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याविषयीची शिफारस स्वीकारली.

विनामूल्य आणि मुक्त

या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. पुण्यातील बालभारतीची (स्थापना १९६७) पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र त्यांचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव असून लेखी परवानगीशिवाय त्यांतील भाग उद्धृत करता येत नाही. म्हणजेच ती वाचण्यास खुली आहेत, बदलण्यास नाहीत. याउलट सीसी बाय-एसए परवान्याचे साहित्य श्रेय देऊन व तोच परवाना कायम ठेवून बदलता, भाषांतरित करता आणि पुन्हा वाटता येते. विकिपीडियातील मजकूर याच प्रकारचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडारानेही हाच परवाना स्वीकारला. त्याच्या तांत्रिक उभारणीत मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा सहभाग होता.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थ्यांना साहित्याची प्रत काढण्याची मुभा आहे. परंतु तेच साहित्य स्वतःच्या अभ्यासक्रमात गुंफून महाजालावर सर्वांसाठी ठेवणे ही वेगळी गोष्ट ठरते, आणि मुक्त परवान्याची खरी गरज तेथेच भासते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य सार्वजनिक होते. साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) लेखन २०११ पासून असे खुले आहे.

रचनेतील उपयोग

अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आधी ठरवून मग साधने शोधणे इष्ट असते. हाती आलेल्या साहित्याभोवती अभ्यासक्रम बेतल्यास तो विस्कळीत होतो. उदाहरणार्थ, कामशेत परिसरातील शाळेसाठी ‘मावळातील लेणी’ हा घटक रचायचा झाल्यास कार्ले, भाजे व बेडसे येथील छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवरून घेता येतात. बेडसे येथील स्तंभशीर्षांवरील प्राण्यांवर आरूढ युगुले आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील दात्यांचे शिलालेख यांची तुलना वर्गात करता येते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड (१८८५) प्रताधिकारमुक्त आहे. मात्र त्यातील जातिजमातींची वर्णने वसाहतकालीन दृष्टीची असल्याने ती जशीच्या तशी मुलांपुढे ठेवणे योग्य नव्हे. बेसाल्ट खडकाची माहिती जोडल्यास हाच घटक भूगोलालाही उपयोगी पडतो.

प्रत्येक साधनाचे शीर्षक, कर्ता, मूळ स्थान व परवाना यांची नोंद निवड करतानाच ठेवावी लागते. नंतर ती शोधणे जिकिरीचे होते. ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ परवान्यांचे मजकूर एकाच नव्या पाठात मिसळता येत नाहीत, तर ‘एनडी’ परवान्याच्या साहित्याचे भाषांतर करून ते प्रसिद्ध करता येत नाही. मराठी शिक्षकांना हे शेवटचे बंधन विशेष जाचक ठरते, कारण उच्च शिक्षणातील बहुतांश मुक्त साहित्य इंग्रजीत आहे आणि भाषांतरावाचून ते मराठी वर्गापर्यंत पोहोचत नाही. भाषांतर करताना राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आधाराला घेता येतात.