वाफेची राखण : पापँच्या भांड्यापासून विजेच्या कुकरपर्यंत

१/ हुपरीत घर आणि कारखाना यांच्यात फारसे अंतर नाही. पैंजणांना घुंगरू जोडण्यासारखी कामे अनेक स्त्रिया घरीच करतात. हात चांदीत आणि कान कुकरच्या शिट्टीकडे, ही तिथली कसरत. तिचे मूळ मात्र साडेतीनशे वर्षांमागच्या लंडनमध्ये सापडते.

२/ १६७९ साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडणारे भांडे मांडले. त्यात हाडेही मऊ होत. पण कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते, म्हणून त्याने वजनाने दाबलेली सुरक्षा-झडप बसवली.

३/ मुंबईत १९५९ साली हॉकिन्स कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत कुकर मराठी स्वयंपाकघरात रुळला. दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, त्यामुळे डाळ लवकर शिजते. शिट्ट्या मोजायला मात्र माणूस लागतोच.

४/ विजेच्या बहुपयोगी कुकरमध्ये ही राखण सेन्सर करतात. शिजण्याची वेळ संपली की तापवणे आपोआप थांबते. घेताना कुटुंबाला पुरेसे माप, आतले भांडे स्टीलचे आहे का आणि झाकणाची रबरी रिंग जवळ मिळते का, हे पाहावे.

५/ पापँचा धडा तरीही सुटत नाही. भांडे दोन-तृतीयांशांहून अधिक भरू नये, डाळ-कडधान्ये निम्म्यापर्यंतच. झडप स्वच्छ ठेवावी, वाफ पूर्ण ओसरल्याविना झाकण उघडू नये. यंत्र वेळ सांभाळते. झडपेची काळजी अजून माणसाकडेच आहे.