वडापची जीप

कऱ्हाड-विटा रस्त्यावर माझे मामू वडाप चालवायचे. त्यांच्या महिंद्रा जीपचा मीटर ९९,९९९ झाला की पुन्हा शून्यावर यायचा. असा तो चार वेळा आला. पाचव्या फेरीत मीटरची केबल तुटली, जीप चालतच राहिली.

यात जादू काही नव्हती. जाडजूड चासी, कमी वेगातही ओढणारं डिझेल इंजिन आणि वेळच्या वेळी बदललेलं ऑइल. धूर वाढला की उस्ताद इंजिन खोलायचे, रिंगा-पिस्टन बदलायचे आणि गाडी पुन्हा रस्त्यावर.

या कंपनीचा इतिहास मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. १९४५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. पोलादाचा व्यापार होता. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला.

पण मामूंसारखे ड्रायव्हर आणि उस्तादांसारखे मिस्त्री इथंच राहिले. त्यांच्या जीपमध्ये बाजारचे शेतकरी, वारकरी आणि उरुसाला निघालेली माणसं एकाच बाकावर दाटीवाटीनं बसत.

आमचा विषय निघाला की गेलेल्यांचं नाव आधी येतं. राहिलेल्यांनी किती किलोमीटर ओढलं, तेही एकदा मोजा.