कार्स्ट व जांभा प्रदेशांतील भूजलाभ्यास

चुनखडकासारख्या विद्राव्य खडकातील फटी पाण्याच्या क्रियेने रुंदावून त्यांत विवरे, गुहा व भूमिगत प्रवाहमार्ग निर्माण होतात. अशा भूरूपास ‘कार्स्ट’ म्हणतात. स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील एका पठाराच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली. या प्रदेशात नद्या मध्येच लुप्त होतात व दूरवर झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होतात. त्यामुळे पाणी कोणत्या मार्गाने व किती वेगाने जाते, हा येथील भूजलाभ्यासाचा मूळ प्रश्न होय.

फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. तो सूक्ष्म छिद्रांतील संथ प्रवाहास लागू पडतो. गुहांतून वेगाने वाहणाऱ्या पाण्यास मात्र लागू पडत नाही. अशा पाण्याचा माग काढण्यासाठी त्यात ओळखू येणारे पदार्थ मिसळण्याची पद्धत पुढे आली. १८७७ मध्ये जर्मनीत आडोल्फ क्नोप यांनी डॅन्यूब नदी जेथे जमिनीत जिरते तेथे फ्लुओरेसीन हा रंग, मीठ व तेल सोडले. सु. १२ किमी. दूरच्या आख झऱ्यात ते सु. ६० तासांनी प्रकट झाले. डॅन्यूबचे पाणी भूमिगत मार्गाने ऱ्हाईनच्या खोऱ्यात जाते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

योव्हान त्स्वियिच यांच्या १८९३ मधील प्रबंधाने कार्स्ट भूरूपांच्या अभ्यासास शास्त्रीय बैठक दिली. त्यानंतर आल्फ्रेट ग्रुंट यांनी (१९०३) कार्स्टमध्ये सलग भूजलपातळी असते असे प्रतिपादिले, तर फ्रीड्रिख काट्झर यांनी (१९०९) पाणी परस्परांपासून अलग अशा नलिकांतून वाहते असे मत मांडले. हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, असे आता मानले जाते : नलिका पाणी झपाट्याने वाहून नेतात, तर बारीक फटी व छिद्रे ते दीर्घकाळ साठवून ठेवतात.

महाराष्ट्रात चुनखडकाचे साठे मुख्यतः यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांत आहेत. दक्षिण कोकणात त्याऐवजी जांभा आढळतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातील अंगडिपुरम येथील या खडकास १८०७ मध्ये ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले हे नाव त्याच्या बांधकामातील उपयोगाचे द्योतक आहे. जांभा चुनखडकाप्रमाणे विरघळून पोखरला जात नाही. परंतु त्याच्या कठीण कवचाखालील मऊ माती पाण्याबरोबर वाहून गेल्याने त्यात पोकळ्या व नळ्या तयार होतात. म्हणून अशा भूरूपास कार्स्टसदृश म्हणता येते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सु. ३०० सेंमी. पाऊस पडूनही उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पाण्याची टंचाई भासते. सड्यावर मुरलेले पाणी पोकळ्यांतून पायथ्याच्या झऱ्यांकडे व व्हाळांकडे लवकर निघून जाते, हे त्याचे एक कारण होय. केंद्रीय भूजल मंडळ (स्थापना १९७०) व राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांच्यातर्फे निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजली जाते. पावसाळ्यानंतरची व मे महिन्यातील पातळी यांच्या तुलनेवरून साठ्याची घट समजते.

तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यासारख्या (ता. सावंतवाडी) गावांच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. बाडोन घायबेन (१८८९) व हेर्झबेर्ख (१९०१) यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते व समुद्रसपाटीच्या वर १ मी. गोड्या पाण्यामागे खाली त्याची जाडी सु. ४० मी. असते. अर्थात उपशामुळे पातळी थोडी उतरली, तरी खारे पाणी बरेच वर सरकू शकते. हे गणित सच्छिद्र व एकजिनसी थरांसाठी आहे. पोकळ्या असलेल्या खडकात खारे पाणी त्या मार्गाने अनपेक्षितपणे आत शिरू शकते.

नलिकांतून जाणारे पाणी मातीतल्याप्रमाणे गाळले जात नाही. त्यामुळे सड्यावरील घाण थोड्या अवधीत झऱ्यापर्यंत पोहोचू शकते. चिरेखाणींमुळे कवच निघून गेल्यास पाणी मुरण्याची व साठण्याची रीतही बदलते. यास्तव झऱ्याचे रक्षण केवळ त्याच्या तोंडाशी कुंपण घालून होत नाही. ज्या सड्यावर त्याचे पाणी मुरते, तो सडाही राखावा लागतो. पाण्याचा माग काढणाऱ्या प्रयोगांचे व्यावहारिक महत्त्व यातच आहे.